चेनसॉची चेन: स्वस्त घ्यावी का महाग, ते बाभळीलाच विचारा

नागपूरच्या लकडगंजात चेन घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस पहिले एकच विचारते, "ओरिजनल देऊ का चालू देऊ?" अन् आपण तिथंच गडबडतो, काऊन का ओरिजनल म्हणजे नेमकी कोणती अन् चालू म्हणजे किती दिवस चालते हे ना तो सांगत ना आपण विचारत. मग खिशात जेवढे पैसे असते तेवढ्याची चेन घेऊन गाडीला किक मारायची अन् आठ दिवसांनी पुन्हा तिथंच उभं राहायचं. मी हे चार-पाच वर्षं केलं म्हणून सांगून राहिलो.

मी काही लाकूड व्यापारी नाही. काटोलकडं आमची थोडी संत्र्याची बाग आहे, धुऱ्यावर बाभळी, सुबाभूळ, दोन-चार कडुनिंब, अन् बागेतली वाळलेली झाडं दर एक-दोन वर्षांनी काढावीच लागते. मशीन दोन आहे, एक माझी ५८ सीसीची चायना अन् एक साळ्याची लहान १६ इंची बारवाली, बार म्हणजे ज्या लांब पट्टीवरून चेन फिरते ती. या दोन मशीनवर वेगवेगळ्या कंपनीच्या चेना लावून पाहिल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, चेन घेतो म्हणजे आपण दाताचं स्टील घेतो, मिलिमीटरच्या हिशोबानं. किंमत चेनची विचारायची नाही, मिलिमीटरची विचारायची. कशी काढायची ते खाली येतेच.

पण त्याच्या आधी साइज. हे सगळ्यांना येते असं वाटते अन् इथंच जास्त लोक चुकते. बारच्या मुळाशी, मशीनकडच्या टोकाला, आकडे कोरलेले असते. आमच्या ५८ सीसीच्या २० इंची बारवर ०.३२५, ०.०५८ अन् ७६ असं आहे. पहिला आकडा पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिवेटांमधलं अंतर मोजून त्याचं अर्धं, इंचात. दुसरा गेज, म्हणजे बारच्या खाचेत जी पाती बसते तिची जाडी, ०.०५८ म्हणजे दीड मिमी. तिसरा त्या पात्यांची संख्या, ज्याला ड्राइव्ह लिंक म्हणते. हे तिन्ही जुळलं तरच चेन तुमची. "२० इंचाची द्या" म्हणून मागितली का झालं, २० इंचाच्या बारला पिचप्रमाणं वेगवेगळ्या नगाच्या चेना लागते अन् घरी आल्यावर एक तर लोंबते नाहीतर चढतच नाही. साळ्याच्या मशीनला थ्री-एट, म्हणजे ३/८ इंच पिचची, लो प्रोफाइल लागते, १.३ मिमी गेज, ५५ नग. आता थ्री-एट लो प्रोफाइल अन् साधी थ्री-एट या दोन वेगळ्या चेना आहे बरं, नावात थ्री-एट दिसलं म्हणून एकीच्या जागी दुसरी लावू नका, स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, खाऊन टाकते. जुनी चेन पोत्यात टाकून सोबत न्या, दुकानात दोन्ही शेजारी लोंबकळत धरून पाहा, सगळ्यात सोपं.

दुसरी गोष्ट दाताचा आकार. कोणतीही कंपनी घ्या, दोन मुख्य प्रकार येते. एकात दाताचा वरचा कोपरा एकदम काटकोनी टोकदार असते, त्याला फुल चिझेल म्हणते. दुसऱ्यात तोच कोपरा थोडा गोलावलेला, सेमी चिझेल. टोकदारवाली स्वच्छ, ओल्या, नरम लाकडात बुंगाट चालते, पण माती-रेती लागली का तो कोपराच पहिले जाते अन् कोपरा गेला म्हणजे चेन गेली. गोलवाली थोडी हळू, पण माती, वाळलेलं लाकूड, साल वगैरे जास्त सहन करते. आता तुम्ही एका कंपनीची फुल चिझेल अन् दुसरीची सेमी चिझेल घेऊन शर्यत लावली अन् म्हणालात का ही कंपनी भारी, तर ती कंपनीची तुलना झालीच नाही, आकाराची झाली. मोबाइलवर चालणाऱ्या अर्ध्या टेस्टांमध्ये हाच घोळ असते.

आकार ओळखायला डब्यावरचं नाव पाहा. स्टिल (Stihl) नावाच्या कंपनीच्या चेनमध्ये आरएस म्हणजे रॅपिड सुपर, ती टोकदार, आरएम म्हणजे रॅपिड मायक्रो, ती गोल, अन् लहान मशीनच्या पिकोमध्ये पीएस टोकदार, पीएम गोल. ओरेगन कंपनीत ०.३२५ / ०.०५८ ला २१ नंबर येते, त्यात २१ एलपीएक्स टोकदार अन् २१ बीपीएक्स गोल. लो प्रोफाइल १.३ मिमीला ९१ नंबर. हा नंबर ड्राइव्ह लिंकवर ठोकलेला असते. स्टिलवाले थोडं वेगळं करते, पातीवरचा आकडा गेज सांगते, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६, अन् दाताच्या पुढच्या उंचवट्यावरचा आकडा पिच सांगते. एकदा भिंग घेऊन बसा, दहा मिनिटांत समजते, मग दुकानदारानं काहीही सांगू दे.

आता कंपन्या. एक गंमत अशी का आज बाजारात जेवढ्या चेना दिसते त्या सगळ्यांचा बाप एकच आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता, त्यानं एका लाकूड पोखरणाऱ्या अळीला पाहिलं, ती डावीकडून उजवीकडून अशी आलटून पालटून लाकूड खात चालली होती, ना रेषा पाहे ना गाठ. त्यानं तसेच डावे-उजवे दात चेनला लावले अन् १९४७ मध्ये कंपनी काढली, तीच ओरेगन. त्याच्या आधीच्या चेनचे दात करवतीसारखे खरडत. म्हणजे आज डिझाइनमध्ये फार फरक उरलाच नाही, फरक आहे स्टीलमध्ये, स्टील तापवून कडक कसं केलं त्यात, दातावरच्या क्रोमच्या थरात अन् रिवेट किती घट्ट बसवला त्यात. डोळ्यांना यातलं एकही दिसत नाही, म्हणूनच स्वस्त चेन अन् महाग चेन टेबलावर ठेवली तर सारखीच चमकते.

माझा हात काय सांगते ते सांगतो. स्टिलची चेन, स्वित्झर्लंडमधल्या विल गावच्या त्यांच्याच कारखान्यातली, कानशीला थोडी कडक लागते, कानस सरकताना आवाजच वेगळा येते, पण एकदा धार बसली का टिकते, अन् चेन ताणायचा स्क्रू कमी वेळा फिरवावा लागते. ओरेगन कानशीला मऊ, पाच-सात मिनिटांत धार येते, शेतात बसून धार लावणाऱ्याला हीच बरी वाटते, अन् तिचे नंबर बहुतेक मशीनला मिळते हा मोठा फायदा. अमेरिकन कंपनी म्हणून डब्यावर अमेरिकाच पाहिजे असं समजू नका, ब्राझीलमधल्या कुरितिबात त्यांचा जुना कारखाना आहे, तिथला माल ओरिजनलच असते. हुस्कवार्ना कंपनीची एक्स-कट नावाची चेन येते, तिच्यात एक लिंक सोनेरी रंगाची असते, धार लावायला कुठून सुरू केलं ते लक्षात राहावं म्हणून. ऐकायला किरकोळ वाटते पण ज्यानं एकदा ३६ दात घासता घासता मधात फोन घेतला आहे त्याला विचारा. अन् मग बिननावाची, पारदर्शक पन्नीतली चायना चेन. तिच्यात एखादी मस्त निघते अन् दुसरी रद्दी, एकाच पेटीतून, म्हणून तिच्यावर मत देणं म्हणजे न पाह्यलेल्या संत्र्याच्या ढिगावर बोली लावणं.

बरं, टेस्ट कशी करायची. एकच मशीन, एकच बार, एकच दिवस, एकच ओंडका. बार उलटा करून खाच साफ करून घ्या, स्प्रॉकेट झिजलेलं असेल तर आधी बदला, नाहीतर नवी चेन त्या जुन्या खड्ड्यात बसून खराब होईल अन् दोष चेनला जाईल. साधारण दोन चेना झाल्या का स्प्रॉकेट बदलायचं असते, आपल्याकडं चार-चार वर्षं कोणी पाहत नाही. नवी चेन रात्री तेलात बुडवून ठेवा, सकाळी चढवून दोन-तीन मिनिटं हलक्या रेसवर चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा ताणा. पहिला काप मोजायचाच नाही.

आम्ही धुऱ्यावरची एक वाळलेली बाभूळ पाडली होती, तिचा सरळ तुकडा घोड्यावर, म्हणजे लाकूड ठेवायच्या स्टँडवर, ठेवला. साल काढली नाही, काऊन का रोज आपण सालीसकटच कापतो. भाचा मोबाइलवर टायमर घेऊन उभा. आता ओंडका एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक असतेच, तर पहिल्या चेननं सलग पाच काप अन् दुसरीनं पुढचे पाच असं केलं तर दुसरीला फुकटचा फायदा. म्हणून एक काप पहिलीनं, दोन दुसरीनं, पुन्हा एक पहिलीनं, असं फिरवायचं. चेन बदलायला वेळ जाते, भाचा वैतागला, "मामा, कोणतीबी लावा ना, लाकूडच तर कापायचं आहे." पण त्याच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मशीनवर जोर द्यायचा नाही, तिच्या वजनानंच उतरू द्यायची, कारण जोर दिला का तुमच्या खांद्याची टेस्ट होते. चेन बदलताना मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली अन् हातात हातमोजे, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

टायमरपेक्षा मला खाली पडलेला भुसा जास्त सांगते. धार चांगली असली का पायाशी जाड, चौकोनी ढलप्या पडते, पोह्यांसारख्या. धार गेली का पिठासारखा बारीक भुसा उडते अन् नाकात जाते. दोन्ही चेनचा भुसा मुठीत घेऊन शेजारी शेजारी कागदावर ठेवला तर डोळ्यांसमोर निकाल आहे. तिसरी खूण, काप सरळ जाते का वाकडा. वाकडा गेला तर एका बाजूचे दात लहान किंवा बोथट आहे, अन् हे नव्या चेनमध्येही होते, पन्नीवाल्या एका चेनमध्ये मला डावे-उजवे दात उघड उघड वेगळ्या कोनात घासलेले भेटले. ती चेन मी घरी ३० अंशाला पूर्ण घासून घेतली तवा कुठं सरळ चालली. म्हणजे खरी तुलना करायची तर दोन्ही चेना एकदा आपल्या हातानं सारख्या धारेवर आणून मग करा. ०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, लो प्रोफाइलला ४ मिमीची, अन् साध्या थ्री-एटला कोणाची ५.२ तर कोणाची ५.५, डब्यावर लिहिलेलं असते ते पाहा. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली पाहिजे, त्याची पट्टी वेगळी मिळते, ती घ्याच. तो उंचवटा जास्त घासला का मशीन लाकडाला चावून झटका देते.

नव्या चेनची पहिल्या दिवशीची स्पीड पाहून निकाल देणं म्हणजे नवरदेवाला वरातीत पाहून पसंत करणं. सगळ्याच चांगल्या दिसते. खरं समजते ते पेट्रोलच्या तिसऱ्या टाकीनंतर. इथं तो मिलिमीटरचा हिशोब येते.

व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटर मोजायचं माप, घ्या, साधा प्लास्टिकचा चालते. नव्या चेनच्या एका दाताची वरची लांबी मोजा, खूण म्हणून त्या दाताच्या लिंकला नेलपॉलिश लावा. दात ४ मिमी उरला का चेन फेकायची असते, म्हणजे सुरुवातीच्या लांबीतून ४ वजा केले का तुम्ही विकत घेतलेलं खरं स्टील किती ते समजलं. मग प्रत्येक पेट्रोलच्या टाकीची अन् प्रत्येक धारेची नोंद ठेवा, मी तर पेट्रोलच्या कॅनवरच रेघा मारतो. पाच-सहा धारांनंतर पुन्हा मोजा. एका धारेला किती मिमी गेलं अन् एक धार किती टाक्या चालली, हे दोन आकडे आले का झालं.

उदाहरण म्हणून धरा, आकडे फक्त हिशोबाला. स्वस्त चेन ५०० ची, स्टील ५ मिमी, दर टाकीला धार लावावी लागते अन् प्रत्येक धारेत पाव मिमी जाते. म्हणजे २० टाक्या, टाकीला २५ रुपये. महाग चेन १२०० ची, स्टील तेवढंच, पण धार दोन टाक्या टिकते अन् खराबी कमी म्हणून धारेला ०.२ मिमीच जाते. २५ धारा, ५० टाक्या, टाकीला २४ रुपये. पाह्यलं का, पैसा जवळजवळ सारखाच. पण त्याच ५० टाक्यांसाठी स्वस्तवालीला ५० वेळा कानस मारली अन् महागवालीला २५ वेळा. एका धारेला १५ मिनिटं धरली तर स्वस्तवालीपायी सव्वासहा तास जास्तीचे तुम्ही उकिडवे बसून कानस घासली. मजूर लावला असेल तर त्याची रोजी त्यात धरा, मग समजते कोणती महाग. ज्याला वर्षाकाठी चारच टाक्या जाळायच्या आहे त्यानं मात्र एवढा हिशोब करायची काही गरज नाही, जी जवळ मिळते ती गोल दाताची घ्या अन् कानस शिका.

आता हा सगळा हिशोब एका सेकंदात पाण्यात कसा जाते ते ऐका. मागच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, वादळानं घराजवळचा जुना कडुनिंब आडवा झाला. मी नवी कोरी, महागातली, टोकदार दाताची चेन लावून जाड फांदीत घातली. मधात गेल्यावर आवाज बदलला, कर्रर्र, अन् अंधारून आलं होतं म्हणून ठिणगी पण दिसली. थांबवून पाह्यलं तर ओळीनं दहा-बारा दातांचे कोपरे साफ. फांदी फोडली तर आत झोपाळ्याची लोखंडी कडी, माझ्या आज्यानं नागपंचमीला बहिणींसाठी ठोकलेली, झाडानं गिळून टाकलेली, बाहेरून साधी गाठ दिसे. त्या दातांना पुन्हा धार आणायला एवढं घासावं लागलं का चेनचं निम्मं आयुष्य एका संध्याकाळी गेलं, कारण सगळ्यात लहान दाताएवढे बाकीचे सगळे करावे लागते. तवापासून नियम, घराजवळचं झाड, कुंपणाचं झाड, मातीतला बुंधा, जिथं तार-खिळा-रेती असू शकते तिथं पन्नीवाली चायना चेन. बाभळीच्या जाड लाकडाला चांगल्या कंपनीची गोल दाताची. अन् टोकदारवाली फक्त ओल्या सुबाभळीला किंवा निलगिरीला, तेही ओंडका जमिनीवरून उचलून. सागवान कापत असाल तर लक्षात ठेवा, त्याच्या लाकडातच सिलिका असते, म्हणजे स्वच्छ दिसणारं लाकूडही धार खाते.

क्रोमचं राहिलंच. दाताच्या वरच्या पृष्ठावर चमकदार क्रोमचा पातळ थर असते, काप खरं तर त्याची कड करते. रेती लागली का ती कड थोडी मागं उडते. उजेडात धरून पाहा, धारेवर पांढरी चकाकणारी रेघ दिसली तर धार नाही, धारदार कडेवर उजेड परत येत नाही. ती रेघ जाईपर्यंत घासा, दोन घास मारून समाधान मानू नका. "ही कंपनी धार धरत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच लोकांनी खरं तर धार पूर्ण आणलेलीच नसते.

डुप्लिकेटबद्दल. मला एका दुकानातून नामी कंपनीच्या डब्यात भलतीच चेन भेटली होती, डबा एकदम खरा, आत ड्राइव्ह लिंकवर काहीच ठोकलेलं नाही. परत न्यायला गेलो तर "उघडलेला माल परत होत नाही". आता मी काउंटरवरच डबा उघडून नंबर वाचतो, बोटानं लिंका वाकवून पाहतो, सगळ्या सारख्या घट्ट पाहिजे, एखादी लुळी अन् एखादी आखडलेली असेल तर ठेवून द्या. रोलमधून कापून चेन जोडून देत असतील तर जोडाचा रिवेट बाकीच्यांसारखा दिसते का ते नीट पाहा, तिथूनच तुटते, अन् तुटलेली चेन चालत्या मशीनवर काय करू शकते ते सांगायला नको.

तेलावर पैसे वाचवायचे असतील तर मग चेनची तुलनाच करू नका. आपल्याकडं गाडीचं जळकं ऑइल टाकायची पद्धत आहे, फुकट असते म्हणून. त्यात लोखंडाची बारीक कीस असते अन् त्याला चिकटपणा नसते, बारच्या टोकाशी पोचायच्या आधीच उडून जाते. ४५ डिग्रीत तर अजूनच पातळ. दोन चेनची तुलना करताना दोघींना एकच चेन ऑइल, अन् पेट्रोलची टाकी भरली का तेलाचीही भरायचीच.

झाड पाडायचं असेल तर परवानगी आधी. शहरात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महानगरपालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागते, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. शेतात सागवान, मोह, चिंच अशी झाडं असेल तर १९६४ चा वृक्षतोड कायदा लागते. लकडगंजात माल नेताना पहिले कागदच विचारते.

अन् काम संपल्यावर चेन ढिली करून ठेवा. दिवसभर उन्हात अन् घर्षणानं ती लांबलेली असते, आपण दुपारी लोंबते म्हणून ताणतो, रात्री थंड होऊन ती आखडते अन् बारला, क्रँकला ओढून धरते. सकाळी थंड चेन ताणायची, खालच्या बाजूला बारला टेकेल पण हातानं सहज फिरेल एवढी. साळा हे विसरला होता, त्याच्या मशीनची चेन सकाळी हातानं हलेना, अन् फोन मला आला का तू दिलेली महागाची चेन जाम झाली म्हणून.